मानव-प्राणी भेद
माणूस इतर प्राण्यांहून मुळातच वेगळा आहे काय, हा तत्त्वज्ञान व जीवशास्त्र यांतील जुना प्रश्न. चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये हा फरक केवळ प्रमाणाचा मानला. १९६० मध्ये जेन गुडॉल यांना चिंपांझी गवताच्या काडीने वाळवी काढताना दिसले आणि हत्यारे करणारा एकमेव प्राणी ही माणसाची ओळख पुसली गेली.

तरीही पनवेल तालुक्यातील उलवे येथे हा फरक डोळ्यांत भरतो. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे ९० मी. उंचीची टेकडी कापली गेली, उलवे नदी वळवली गेली, दहा गावे हलवली गेली. बीव्हर हा प्राणीही ओढा अडवतो. परंतु नकाशा, कायदा आणि पैसा यांच्या आधारे हजारो अनोळखी जीवांनी एकत्र काम करणे अन्य प्राण्यांत आढळत नाही. वेदना आणि पिलांची ओढ मात्र नवी मुंबईच्या खारफुटीतील कोल्ह्यालाही आहे, आणि नैतिक विचारात हे साम्य अधिक महत्त्वाचे ठरते.