स्कूटर कलती करण्यामागचे विज्ञान

इटलीच्या पियाज्जिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर बाजारात आणली. पुढे बजाज ऑटोने तिच्या परवान्यावर आपल्याकडे स्कूटर बनवायला सुरुवात केली. परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपली आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाजचा दुसरा कारखाना निघाला. आम्हांला मात्र कंपनीचा इतिहास सांगायचा नाही. सुरू न होणाऱ्या स्कूटरपुढे लोक काय करत, त्याचा सांगायचा आहे.

जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातले गाव, समर्थ रामदासांचे जन्मस्थान. अशा गावाला जाताना वाटेत स्कूटर बंद पडली, तर चालकालाच मिस्तरी व्हावे लागे. या इंजिनाचा एक गुण खेड्यात फार मोलाचा होता. फ्लायव्हीलमधल्या चुंबकांमुळे किक मारतानाच वीज तयार होई, त्यामुळे ठिणगीसाठी बॅटरी लागत नसे. अडत असे ते दुसरीकडे.

सकाळी गाडी सुरू झाली नाही की पहिला उपाय ठरलेला: ती एका अंगावर कलती करायची आणि पुन्हा किक मारायची. पुष्कळांना हा टोटकाच वाटे. पण त्यात अर्थ होता. कार्बुरेटरच्या भांड्यातले पेट्रोल रात्रभरात उडून गेलेले असे. गाडी कलती केली की आतला फ्लोट सरके, थोडे जादा पेट्रोल आत येई आणि थंड इंजिनाला हवे ते दाट मिश्रण मिळे. चोक ओढूनही हेच साधते.

घोटाळा व्हायचा तो पुढे. इंजिन पेट्रोलवाचून अडले असो की जादा पेट्रोलने गुदमरले असो, बाहेरून लक्षण एकच: किक मारूनही गाडी सुरू होत नाही. पहिल्या दुखण्यावर कलते करणे हे औषध, तर दुसऱ्यावर विष! निवाडा करायचा तो प्लगने. प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगी नीट नाही किंवा पेट्रोल जादा झाले आहे. मग कॉक बंद करून, पूर्ण रेस देऊन चारसहा किका माराव्यात. दोन-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने प्लगवर काजळी चटकन धरे, म्हणून डिकीत पॉलिश पेपर आणि एक जादा प्लग असायचाच.

याहून अवघड कोडे चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीचे. चैत्रात, रामनवमीच्या उन्हात, पाचसात किलोमीटर गेल्यावर इंजिन थांबते. पंधरा मिनिटे सावलीत ठेवले की सुरू होते आणि पुन्हा थांबते. सगळे म्हणणार, ‘गाडी तापली.’ पण कारणे किमान दोन संभवतात. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले, तर पेट्रोल खाली उतरते तसा टाकीतला दाब कमी होतो आणि प्रवाह थांबतो. गाडी उभी राहिली की हवा हळूहळू आत झिरपते. दुसरे कारण कंडेन्सरचे. पॉइंट उघडताना तेथे चाप पडू न देणे आणि त्यामुळे कॉइलमध्ये उच्च दाब निर्माण होऊ देणे, हे त्याचे काम. जुना कंडेन्सर तापला की निकामी होतो, थंड झाला की पुन्हा चालतो.

या दोहोंत निवड करायची तर सावलीत थांबून चालत नाही, कारण थांबल्याने दोन्ही बरे होते! गाडी बंद पडताच लगेच झाकण उघडावे आणि किक मारावी. सुरू झाली तर दोष छिद्राचा. नाही झाली, तर प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवावा (पेट्रोल सांडलेले नाही हे आधी पाहून) आणि किक मारावी. ठिणगी निळी व टणक हवी. पिवळी, मरगळलेली दिसली तर कंडेन्सर किंवा कॉइलकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथे रस्त्यावर पाळला जातो. आठवीच्या वर्गात हवेचा दाब शिकवताना आम्हांला या झाकणाइतके चांगले उदाहरण दुसरे दिसत नाही.

पुढे स्कूटरमध्ये पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले आणि २०२० मध्ये चेतक विजेवर धावू लागली. तरी जुन्या स्कूटर अजून दिसतात, आणि त्यांना नवे दुखणे जडते आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. गोदाकाठच्या या उसाच्या पट्ट्यात इथेनॉल काही परके नाही, पण जुने रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन वेगळे होते आणि तळाशी बसते. तेव्हा प्लग ओला, ठिणगी निळी, तरी गाडी सुरू होत नाही. अशा वेळी कार्बुरेटरमधले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून, आगीपासून दूर, थोडा वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर खालचा थर पाण्याचा आणि इथेनॉलचा आहे. टाकी रिकामी करून धुवावी लागेल.