संत ऑगस्टीन चर्च (जुने गोवे)

संत ऑगस्टीन चर्च हे गोवा राज्यातील जुने गोवे येथे मोंते सांतो टेकडीवर असलेल्या ऑगस्टीनियन मठाचे भग्न चर्च आहे. जुन्या गोव्यातील ज्या सात वास्तूंना युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत त्याचा समावेश होतो.

इतिहास

ऑगस्टीनियन साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. चर्चचे बांधकाम १६०२ मध्ये पूर्ण झाले. काटेकोर अर्थाने त्यास मध्ययुगीन म्हणता येणार नाही. त्याची घडण उत्तर-प्रबोधनकालीन युरोपीय शैलीची आहे. पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केल्यामुळे १८३५ मध्ये मठ ओस पडला. १८४२ मध्ये कमानदार छत कोसळले, तर १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. येथील मोठी घंटा काही काळ आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात होती. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

स्थापत्य

संपूर्ण बांधकाम जांभ्या दगडाचे आहे. हा दगड सच्छिद्र असल्याने त्यावर चुन्याचा गिलावा राखावा लागतो. देखभाल थांबल्यावर कोकणपट्टीच्या पावसापुढे भिंती टिकल्या नाहीत. मूळ मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. चर्चमध्ये आठ उपमंदिरे व चार वेद्या होत्या. पाहणाऱ्याची नजर प्रथम मनोऱ्याकडे जाते, परंतु खरे पाहण्याजोगे पायाखाली आहे: जमिनीत बसविलेल्या, कुलचिन्हे व लेख कोरलेल्या समाधिशिला.

राणी केतेवान

जॉर्जियातील काखेती प्रांताची राणी केतेवान हिने धर्मांतरास नकार दिल्याने १६२४ मध्ये शिराझ येथे इराणचा शाह अब्बास याच्या आज्ञेने तिचा वध झाला. ऑगस्टीनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये या मठात आणला. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत अस्थिपेटी कोणत्या खिडकीजवळ ठेवली होती याची नोंद होती. त्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन करून अस्थी शोधल्या. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात झालेल्या डीएनए तपासणीने त्या केतेवानच्याच असाव्यात या मतास बळकटी दिली. जुलै २०२१ मध्ये भारताने अस्थींचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

परिसर

शेजारीच सांता मोनिका हा जोगिणींचा मठ असून तेथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तेथून पश्चिमेस रोझरी मातेचे चर्च लागते.