धूर कुठे जातो?

चूल पेटवली की धूर कौलांतून बाहेर पडतो. आपले डोळे पुसले की आपण त्याला विसरतो. पुढे तो जातो कुठे? याचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

वीरभद्रन रामनाथन मूळचे तमिळनाडूचे, जन्म १९४४ चा. त्यांची आजी लाकडांवर आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक करताना खोकायची, अशी आठवण ते सांगतात. इंजिनिअर झाल्यावर त्यांना सिकंदराबादला फ्रिजच्या धंद्यात नोकरी लागली. यंत्रातून वायू का गळतो, हे शोधायचं काम होतं. पुढे ते अमेरिकेत शिकायला गेले. फ्रिजमधला तोच वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी उष्णता धरून ठेवतो, हे त्यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं.

मग त्यांनी ढगांकडे पाहिलं. ढग ऊन परत पाठवतात, आणि गोधडीसारखी ऊबही धरतात. उपग्रहांच्या मोजमापावरून त्यांनी व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हिशेब मांडला: एकूण पाहता ढग पृथ्वीला थंडच ठेवतात.

१९९९ मध्ये मालदीव बेटांवर मोठी मोहीम झाली. जहाजं, विमानं, अनेक देशांचे शास्त्रज्ञ. हिंदी महासागरावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचा तपकिरी थर दिसला. त्यात गाड्यांचा, कारखान्यांचा धूर होता, तसाच लाकडा-गोवऱ्यांचाही. काजळी वर हवा तापवते, आणि खाली समुद्राला ऊन कमी मिळतं. ऊन कमी तर वाफ कमी, आणि त्याचा परिणाम पावसावर होऊ शकतो.

म्हणजे दोष आपला का? नाही. चुलीपाशी बसणारी बाई हौसेनं धूर गिळत नाही, आणि तो पहिला तिच्याच छातीत जातो. रामनाथन यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून ते नुसते मोजत बसले नाहीत. उत्तर प्रदेशातल्या गावात त्यांच्या गटानं सुधारित चुली देऊन पाहिल्या.

यात एक आशेची गोष्ट आहे. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो. काजळी मात्र काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसते. धूर थांबला की फरक लवकर पडतो, आभाळातही आणि घरातही.

तर पुढच्या बैठकीत हा विषय घेऊया. कोणाच्या घरी अजून धूर कोंडतो? सिलिंडर आहे, पण भरायला पैसे नाहीत, असं किती जणींचं आहे? नावं लिहून काढू, आणि ग्रामसभेत मांडू.