गावाचा पहिला हिस्सा : बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळ

बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीचा विषय निघाला की बहुधा दोन नावे पुढे येतात. एक श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे, आणि दुसरे त्यांनी अमेरिकेहून बोलावून घेतलेल्या विल्यम ॲलन्सन बोर्डन या ग्रंथपालाचे. राजाची इच्छा आणि परदेशी तज्ज्ञाचे ज्ञान यांचा योग जुळून आला व ग्रंथालये उभी राहिली, अशी ही कथा सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. राजाने खजिना उघडला तरी खेड्यातील वाचनालयाचे दार रोज संध्याकाळी कोणीतरी उघडावे लागते. दिव्यात तेल घालावे लागते, नेलेले पुस्तक परत आले की नाही हे पाहावे लागते, अक्षर न येणाऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवावे लागते. ही कामे हुजुराज्ञेने होत नाहीत. ती करणारी माणसे गावात शोधून काढणे, आणि सरकारी मदतीचा नियमच असा घडविणे की ती माणसे आपण होऊन पुढे यावीत, हे बडोद्याचे खरे वैशिष्ट्य होय.

चळवळीची गरज शिक्षणातून निर्माण झाली. १८८१ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आल्यावर महाराजांनी प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष दिले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ पासून तो सर्व संस्थानाला लागू करण्यात आला. परंतु शाळेत चार इयत्ता शिकून शेतात परतलेल्या मुलाच्या हाती पुन्हा छापील कागद पडला नाही, तर काही वर्षांत त्याची अक्षरओळख पुसली जाते, हा अनुभव लवकरच येऊ लागला. त्या काळी संस्थानाची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती आणि साक्षरांचे प्रमाण शंभरात सुमारे दहा. एवढ्या कष्टाने मिळविलेली साक्षरता टिकवायची तर पुस्तक खेड्यापर्यंत गेले पाहिजे, हे उघड होते.

ते नेण्यास आरंभ मात्र राजधानीतून झाला नाही. चरोतरातील मोतीभाई नरसिंहभाई अमीन (१८७३–१९३९) हे पेशाने शिक्षक. पेटलादच्या शाळेत असताना त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालविले, आणि १९०६ च्या सुमारास ‘मित्रमंडळ’ या नावाने वाचनालयांची योजना सुरू केली. योजना अगदी साधी होती. शिक्षक आणि सुशिक्षित स्नेही यांनी थोडी थोडी वर्गणी काढावी, नियतकालिके मागवावीत, ती खेड्यांत वाचावयास मिळावीत आणि त्यांतूनच गावाचा लहानसा ग्रंथसंग्रह वाढत जावा. मोतीभाईंपाशी ना संपत्ती होती ना सत्ता. त्यांच्यापाशी विद्यार्थी होते. वसतिगृहातून शिकून निघालेला तरुण ज्या गावी शिक्षक म्हणून जाई किंवा ज्या गावी शेती पाही, तेथे वाचनालयासाठी एक विश्वासू माणूस आधीच तयार असे. संघटनेचे हे जाळे कोणत्याही सरकारी परिपत्रकाने विणता आले नसते. पुढे सरकारनेही या वाचनालयांना साहाय्य देण्यास प्रारंभ केला.

१९०६ व १९१० या दोन्ही वर्षी महाराजांनी अमेरिकेचा प्रवास केला. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून, न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल बोर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास आणले. बोर्डन १९१३ पर्यंत राहिले. अवघ्या तीन वर्षांत त्यांनी जे केले ते आजही थक्क करणारे आहे. ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते निघाले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि महाराजांचे बंधू संपतराव गायकवाड यांचा मोठा संग्रहही त्यास लाभला. ड्यूई आणि कटर यांच्या पद्धती जुळवून बोर्डन यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची नवी योजना आखली. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक सुरू झाले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे, ही गोष्ट मराठी वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. मराठीतील ग्रंथालयविषयक लेखनाच्या प्रारंभीच्या काळाचा विचार करताना पुण्यामुंबईबरोबर बडोद्याकडेही पाहावे लागते.

बोर्डन यांचा एक मोठा गुण फारसा सांगितला जात नाही. परदेशातून आलेला तज्ज्ञ बहुधा आधीचे सारे पुसून नव्याने मांडणी करू पाहतो. बोर्डन यांच्या खात्यात तसे झाले नाही. मध्यवर्ती ग्रंथालय आणि ग्रामीण ग्रंथालये असे दोन विभाग पाडण्यात आले, आणि ग्रामीण विभागाचे काम मोतीभाई अमीन यांच्याकडे आले. चरोतरात आधीच जी वाचनालये रुजली होती, त्यांनाच खात्याचे पाठबळ मिळाले. बोर्डन परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी खात्याची धुरा वाहिली आणि १९१९ मध्ये ‘द बरोडा लायब्ररी मूव्हमेंट’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले. त्यांच्या ‘बरोडा अँड इट्स लायब्ररीज’ या १९२८ च्या ग्रंथातून या खात्याच्या कामाचा विस्तार कळतो. अमेरिकन, मराठी, गुजराती, बंगाली नावांचा हा क्रमच बोलका आहे.

आता नियमाविषयी. गावाने वर्षभरात जेवढी रक्कम वर्गणीने जमविली असेल, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. म्हणजे खर्चाचा एक तृतीयांश वाटा लोकांचा. यास मर्यादा घातलेली होती. खेड्यासाठी लोकांच्या वाट्याची रक्कम वर्षाला शंभर रुपयांपर्यंत, कसब्यासाठी तीनशे आणि प्रांताच्या मुख्य शहरासाठी सातशे रुपयांपर्यंत धरली जाई. इमारत बांधावयाची असेल तर तेथेही हेच तिहाईचे तत्त्व. या नियमातील मेख अशी की पहिले पाऊल गावाने टाकावयाचे होते. गाव बसून राहिले तर सरकारही बसून राहील. उलट गावाने एक रुपया काढला तर त्याचे तीन होतात, हे गणित निरक्षर शेतकऱ्यालाही समजण्यासारखे होते.

याची तुलना मराठी मुलुखातील आधीच्या प्रयत्नांशी करण्यासारखी आहे. पुणे, बेळगाव यांसारख्या शहरांत १८४८ मध्ये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाल्या, त्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या उत्तेजनाचा मोठा भाग होता. ठाण्यास १८९३ मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, तो शुद्ध स्वभाषाभिमानी नागरिकांचा उपक्रम होता. दोन्ही प्रकार मोलाचे, पण दोन्ही शहरी. वर्गणीदार मिळेल तेथे ग्रंथालय, असा तो व्यवहार होता. बडोद्यात नागरिकांचा उत्साह आणि सरकारची तिजोरी यांना एका नियमाने जोडले गेले आणि ते लोण खेड्यापर्यंत पोहोचले.

लोकांचा हिस्सा केवळ रोख रकमेत मोजणे बरोबर होणार नाही. शाळेची खोली किंवा धर्मशाळेची ओसरी वाचनालयासाठी मिळे. ग्रंथपाल म्हणजे बहुधा गावचा शिक्षक, आणि तो हे काम शाळा सुटल्यावर करी. चरोतरातील अनेक पाटीदार कुटुंबे व्यापारासाठी पूर्व आफ्रिकेत गेली होती, त्यांच्याकडून गावच्या शाळेसाठी व वाचनालयासाठी पैसा येई. दूर गेलेल्या माणसाला गावाशी बांधून ठेवणारा हा एक धागाच होता. पुढे १९२० नंतरच्या दशकात मोतीभाईंच्या प्रयत्नाने ‘पुस्तकालय सहायक सहकारी मंडळ’ निघाले. पुस्तके व सामान एकत्र खरेदी करून लहान ग्रंथालयांना रास्त दरात पुरविणे हे त्याचे काम. एका खेड्याला जी सवलत कोणी देणार नाही ती सर्वांनी मिळून मिळवावी, असा त्यामागचा हिशेब. शिक्षकी पेशातील माणसाने व्यवहार किती जाणावा याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तरीही हा नियम निर्दोष होता असे म्हणता येणार नाही. चरोतराची जमीन सुपीक, तंबाखूचे पीक पैसा देणारे. तेथे गावाचा वाटा सहज उभा राही. नवसारी प्रांतातील जंगलपट्टीत, सोनगड-व्यारा भागातील आदिवासी गावांनी तो कोठून आणावा? जेथे वर्गणी नाही तेथे अनुदान नाही, असा नियम ताणला तर ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी मिळते आणि ज्याच्यापाशी नाही तो तसाच राहतो. चालकांना हे दिसत नव्हते असे नाही. फिरती ग्रंथालये हा त्यावरील एक उपाय होता. पंधरा ते तीस पुस्तकांची एक लाकडी पेटी खात्याकडून गावी पाठविली जाई. ती काही महिने तेथे ठेवून परत करावयाची. घेणाऱ्यावर वाहतुकीचाही खर्च पडत नसे, फक्त कोणीतरी जबाबदार माणसाने ती सांभाळावयाची. गुजराती वस्तीच्या कसब्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या दोन-चार मराठी कुटुंबांना स्वतंत्र वाचनालय काढणे अशक्यच होते, अशा विखुरलेल्या वाचकालाही पेटी हाच खरा आधार. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रे व चलच्चित्रे दाखविणारा विभाग होता, आणि मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था होती.

दुसरी उणीव याहून खोल होती, आणि ती कोणत्याही पेटीने भरून येण्यासारखी नव्हती. गावाच्या बळावर संस्था उभारावयाची तर गाव म्हणजे कोण, हा प्रश्न येतोच. महाराजांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी १८८० नंतरच्या दशकातच शाळा काढल्या होत्या. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेस गेले. परंतु १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यास आले तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत घेतलेला आसरा लोकांनी जमावाने येऊन सोडावयास लावला, आणि कामाठी बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्याच शहरात त्याच वर्षी मध्यवर्ती ग्रंथालयाचे वाचनकक्ष भरलेले होते. राजाची इच्छा होती, पैसा होता, नियम उदार होते. पण समाजाच्या अंगी जे बळ असते त्यात त्याचे दुराग्रहही मिसळलेले असतात, आणि वर्गणी देणाऱ्या गावाने वेशीबाहेरच्या वस्तीला गाव मानले नाही तर तिहाईचा नियम तेथे मुका होतो. ग्रंथालय चळवळीचा गौरव करताना हे पान गाळून पुढे जाणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९३१ मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळच्या नव्या इमारतीत आले. लोखंडी मांडण्या आणि वरच्या मजल्यांतून खाली उजेड झिरपू देणारी काचेची जमीन यांमुळे ती इमारत प्रेक्षणीय ठरली. १९३९ च्या फेब्रुवारीत मोतीभाई अमीन आणि सयाजीराव महाराज हे दोघेही काही दिवसांच्या अंतराने निवर्तले. चळवळीचे दोन्ही खांब एकाच महिन्यात गेले, पण तोवर खेड्यांतील वाचनालयांचा कारभार गावकऱ्यांच्या अंगवळणी पडला होता.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ग्रंथालय खाते ज्या राजवटीवर उभे होते ती संपली. स्वतंत्र भारतात पुढे दोन वाटा निघाल्या. मद्रासने १९४८ च्या आणि कर्नाटकाने १९६५ च्या कायद्याने करावर विशेष आकार बसवून ग्रंथालये चालविण्याचा मार्ग धरला. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात तसा आकार बसविला नाही. लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देणे हेच धोरण ठेवले, आणि त्यात बडोद्याच्या पद्धतीशी असलेले साम्य सहज दिसते. गुजरातेत ग्रंथालय कायदा येण्यास २००१ साल उजाडले. महाराष्ट्राच्या कायद्याची हद्द राज्याच्या सीमेवर संपते, आणि बडोद्यापासून हैदराबादपर्यंत जी मराठी ग्रंथालये त्या सीमेबाहेर राहिली त्यांच्या आश्रयदात्यांची दरबारी परंपरा तर संस्थानांबरोबरच संपली होती. त्यानंतरच्या काळात त्यांपैकी अनेकांच्या जमाखर्चात सभासदांच्या वर्गणीचा मोठा आधार राहिला.