वाटसरूच्या ताटातलं शहापूर-मुरबाड

माळशेज घाटाचे धबधबे पाहायला, माहुलीचा गड चढायला, नाणेघाटात फिरायला दर पावसाळ्यात शहरातली माणसं आपल्या शहापूर-मुरबाडात येतात. चहा-वडापाव खातात आणि निघून जातात. इथं घरोघरी काय शिजतं याची त्यांना खबरही नसते. त्यांचा तरी काय दोष? आपणच आपलं रोजचं अन्न पाहुण्यापुढं ठेवायला लाजतो. या लाजेला इतिहास आहे. तो आपल्या मुलाबाळांना ठाऊक असला पाहिजे.

नाणेघाट ही सातवाहनांच्या काळातली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल मुरबाडच्या बाजूनं घाट चढून जुन्नरला आणि पुढं पैठणला जाई. घाटात ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. वर गेलं की जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी लागतात. तिकडं कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं सापडतात, आणि त्यांच्या दानांत पाण्याची टाकीही आहेत. वाटसरूला पाणी देणं हे त्या काळी मोठं पुण्यकर्म मानलं जाई.

मग हे वाटसरू खात काय असतील? विनयपिटकात भिक्खूंच्या भोजनाचे पाच प्रकार सांगितले आहेत : भात, कुम्मास, सत्तू, मासे आणि मांस. त्याशिवाय यागू, म्हणजे आपली पेज. भगवान बुद्धांनी पेजेचे दहा गुण सांगितले. पेज बळ देते, भूक भागवते, तहान शमवते, पोट साफ ठेवते. आपल्या आजीनं शेतावर जाताना तांदळाची पेज किंवा नाचणीची आंबील प्यायला दिली, तेव्हा तिनं विनयपिटक वाचलेलं नव्हतं. पण चार शितांची पेज दुपारपर्यंत माणसाला उभं ठेवते हे तिला पक्कं माहीत होतं.

आता आपलं ताट पाहू. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, सोबत कांदा घालून परतलेली सुकट किंवा चुलीत भाजलेला सुका बोंबील. सुकी मासळी टिकते, म्हणून पावसाळ्याची बेगमी म्हणून ती घरात असायचीच आणि शिदोरीतही जायची. थंडीत मोड आलेल्या वालाचं बिरडं. वरईचा भात. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, तीही पानाच्या द्रोणात.

पहिल्या पावसाबरोबर रानभाज्या सुरू होतात : शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी, करटोली. यांत शेवळाचा मान मोठा. पण ती नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायची आणि काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची. मग त्यात सुकट, कोळंबी नाहीतर मटण काहीही घाला, चव विसरणार नाही. ही विद्या मुख्यतः ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या बायांची. बाजारात वाटे लावून बसलेल्या मावशीला विचारा, ती भाजीबरोबर कृतीही सांगते. आपण होऊन रानातलं काही तोडून शिजवू नये.

असं अन्न असताना लाज कुठून आली? गावात येणाऱ्या परक्या माणसाला वाट दाखवणं, सरकारी पाहुण्याचं ओझं वाहणं हे महाराचं काम होतं. पण त्याच पाहुण्याला तांब्याभर पाणी द्यायची त्याला मुभा नव्हती. १९०१ साली लहानगे बाबासाहेब भावंडांबरोबर कोरेगावला वडिलांकडं निघाले. बैलगाडीत डबा होता, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही, म्हणून मुलं रात्रभर उपाशी राहिली. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं अन्न सोडा असं सांगितलं आणि चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पुढं १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या कलम १५ नं दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव सगळ्यांना खुले केले. उष्टं सोडायचं होतं, पेज-भाकरी नव्हे, हे मात्र आपण विसरलो.

जपानकडं पाहा. तिथं रेल्वे स्टेशनवर त्या त्या भागाचे पदार्थ भरलेले डबे मिळतात. त्यांना ‘एकिबेन’ म्हणतात. कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठांत प्रवासी मुक्कामाला उतरतात आणि मांस-मासळी नसलेलं ‘शोजिन’ जेवण जेवतात. त्यात तिळाचा गोमादोफू असतो, थंडीत गोठवून वाळवलेला कोयादोफू असतो. आहे साधंच, पण त्याला त्यांनी डोंगराचं नाव दिलं आणि लांबून आलेला माणूस ते मुद्दाम मागून खातो.

आपल्याकडं आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं आहेत, माळशेजचा हमरस्ता आहे. आपल्या महिला मंडळांनी पेज, भाकरी, सुकट, बिरडं यांचं ताट मांडलं आणि त्यावर ‘मुरबाडचं’, ‘शहापूरचं’ असं ठळक लिहिलं, तर चार घरांच्या चुली त्यावर चालतील. पण आधी एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा आणि कृती लिहून घ्या. शेवळाला काकडं किती घालायची, हे अजून त्यांच्या हातालाच माहीत आहे.