जेमिले यूसुफ : जर्मनीत मर्केल यांच्या पक्षाच्या पहिल्या मुस्लिम खासदार

जेमिले यूसुफ (जन्म ५ मे १९७८, लेवरकुसेन) या २०१३ ते २०१७ अशी एकच टर्म जर्मन संसदेच्या, म्हणजे बुंडेस्टागच्या सदस्य होत्या. अँगेला मर्केल यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन (सीडीयू) या पुराणमतवादी पक्षातून निवडून आलेल्या त्या पहिल्या मुस्लिम खासदार.

नाव आपल्याला ओळखीचंच आहे : जमिला यूसुफ. पण ग्रीक वळणाच्या स्पेलिंगमुळे जर्मन कागदपत्रांत ते भलतंच दिसतं. आईवडील ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे तुर्की मुस्लिम. १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीतून या भागातल्या मुस्लिमांना वगळलं होतं, म्हणून ते ग्रीसमध्येच राहिले. पुढे हे कुटुंब जर्मनीत आलं. जेमिले यांनी बॉन विद्यापीठात राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि इस्लामविषयक अभ्यास केला. नंतर नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याच्या सरकारी खात्यात स्थलांतरितांच्या प्रश्नांवर काम केलं.

मुस्लिम बाई 'ख्रिश्चन' नावाच्या पक्षात कशी, हा प्रश्न त्यांच्यामागे कायम राहिला. खरं तर कुटुंब, धर्म, शिस्त या बाबतीत अनेक तुर्की घरांचे विचार सीडीयूशी जुळणारे. तरी त्यांची मतं वर्षानुवर्षं सोशल डेमोक्रॅट पक्षाला जात होती, कारण कामगार आणि परदेशी माणसांची बाजू तो पक्ष घेतो अशी समजूत. ही मतं आपल्याकडे वळवायची सीडीयूला गरज होती, आणि उमेदवारीमागे हा हिशोब असणारच.

२०१३ मध्ये त्या हागेन मतदारसंघातून उभ्या राहिल्या आणि सोशल डेमोक्रॅट रेने रोस्पेल यांच्याकडून हरल्या. तरीही संसदेत पोहोचल्या. जर्मनीत मतदार दोन मतं देतो : एक उमेदवाराला, दुसरं पक्षाला. पक्षाच्या मतांवर यादीतले लोक निवडून येतात. आपल्याकडे लोकसभेला अशी सोय नाही, हरला तो हरला.

संसदेत पक्षाच्या गटाने स्थलांतरितांना समाजात सामावून घेण्याच्या विषयाची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. काळ कठीण होता. जानेवारी २०१५ मध्ये मर्केल म्हणाल्या की इस्लाम हा जर्मनीचा भाग आहे, आणि पक्षातलेच अनेक नाराज झाले. त्याच वर्षी लाखो निर्वासित आले. २ जून २०१६ रोजी बुंडेस्टागने आर्मेनियन लोकांच्या कत्तलीला वंशसंहार ठरवणारा ठराव केला. तेव्हा तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांनी तुर्की वंशाच्या ११ खासदारांच्या रक्ताची तपासणी करा असं सुनावलं. धमक्या आल्या, पोलीस संरक्षण वाढवावं लागलं. या अकरांत सीडीयूच्या एकट्या जेमिले, आणि त्यांचं कुटुंब तर तुर्कस्तानातून आलेलंच नव्हतं! एका बाजूला पुरेसे जर्मन नाही, दुसऱ्या बाजूला पुरेसे तुर्क नाही.

२४ सप्टेंबर २०१७ ला रोस्पेल यांनी त्यांना पुन्हा हरवलं. या वेळी यादीही कामी आली नाही. राज्यात सीडीयूच्या जागा ६३ वरून ४२ वर आल्या, त्यातल्या ३८ थेट मतदारसंघांतल्या. म्हणजे यादीतल्यांसाठी उरल्या फक्त चार. याच निवडणुकीत इस्लामविरोधी प्रचार करणारा एएफडी पक्ष १२.६ टक्के मतं घेऊन पहिल्यांदा संसदेत शिरला.

पुढे त्या नागरिकांच्या राजकीय शिक्षणाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेत वरिष्ठ पदावर गेल्या. सीडीयूकडून संसदेत मुस्लिम महिला पुन्हा आली ती २०२१ मध्ये : सेराप गुलेर. त्यांचा मतदारसंघ जेमिले यांच्या जन्मगावाचा, लेवरकुसेनचा. तिथे त्याही हरल्या, आणि यादीतून आल्या.