काळारामाचे दार कोणी बंद केले, हे पाटीवर लिहा

नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. घाट, रस्ते, कमानी, फलक यांवर खर्च होणार, आणि त्यानिमित्ताने शहराची ओळख पुन्हा एकदा जगाला सांगितली जाणार. ती ओळख ठरलेली आहे : रामाचा वनवास, पंचवटी, सीतागुंफा, तपोवन, गोदाघाट. श्रद्धा असणाऱ्यांनी ती जरूर बाळगावी, आमची हरकत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. याच पंचवटीत पुराणात नव्हे, तर इतिहासात, तारीख-वारासह जे घडले, ते पाटीवर कोणत्या शब्दांत लिहायचे?

‘बाबासाहेबांनी येथे सत्याग्रह केला.’ आपल्याकडे इतके एक वाक्य लिहिले की काम झाले असे समजतात. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. सत्याग्रह कोणाविरुद्ध केला? कशासाठी? दार कोणी बंद केले होते? त्या दारासमोर कोण बसले होते? ही चार उत्तरे नसतील तर ती पाटी इतिहास सांगत नाही, इतिहास गुळगुळीत करते. स्मारक म्हणजे नुसता हार घालण्याचा पुतळा नव्हे. स्मारक म्हणजे पुरावा. आणि पुरावा अर्धा देऊन चालत नाही.

पुरावा कसा लिहावा हे शिकायला नाशिककरांनी दूर जायची गरज नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात तो दोन हजार वर्षांपासून कोरलेला आहे.

तिथली २४ लेणी लोक पांडवलेणी म्हणून ओळखतात. ही बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंच्या वर्षावासासाठी कोरलेले विहार, मध्ये चैत्यगृह, पाण्याची टाकी. भिंतींवर ब्राह्मी लिपीत शिलालेख आहेत. त्यांत सातवाहन राजा कृष्ण आहे, गौतमीपुत्र सातकर्णी आहे, पुळुमावी आहे, क्षत्रप नहपान आणि त्याचा जावई उषवदात आहे. पांडव कुठेच नाहीत. डोंगराचे नावही लेखांतच दिले आहे : तिरण्हु, म्हणजेच त्रिरश्मी. ज्या डोंगराने आपले नाव स्वतःच्या अंगावर लिहून ठेवले, त्याला आपण दुसऱ्याच नावाने हाक मारतो. बुद्धाचा वारसा पुसण्यासाठी दर वेळी हातोडा लागत नाही. नाव बदलले तरी पुरते.

आता त्या लेखांत काय लिहिले आहे ते पाहा. दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने संघासाठी ३००० कार्षापणांची ठेव ठेवली. त्यातले २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ दराने. उरलेले १००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज खर्च करायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब करून पाहा. २००० वर वर्षाचे व्याज २४० होते, आणि वीस जणांना बारा-बारा म्हणजे २४०. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, हेही त्याच लेखात सांगितले आहे. कोणी दिले, किती दिले, कोणाला, कशासाठी, आणि लोकांसमोर वाचून नोंदवले की नाही, हे सगळे त्या दगडावर आहे.

त्याच लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचा लेख आहे. आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी तिने श्रेणींकडे ठेव ठेवली. त्या श्रेणींत कुंभार आहेत, पाण्याची यंत्रे बनवणारे आहेत, तेल गाळणारे आहेत. आठवे लेणे मुगूदास नावाच्या मासेमाराचे आणि त्याच्या कुटुंबाचे दान आहे. सतरावे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे. राजे आहेत, पण मासेमारही आहे. स्त्री आहे, परदेशी आहे. ज्या समाजाला नंतर अक्षराची बंदी झाली, त्या समाजातल्या कष्टकऱ्याचे नाव या डोंगरावर राजाच्या नावाशेजारी आहे. आमच्या दृष्टीने नाशिकची सगळ्यात जुनी स्मरणपाटी ही आहे.

आणि हा पुरावा आम्हालाही सोयीचा तेवढाच दाखवत नाही. उषवदाताने ब्राह्मणांना आणि देवस्थानांना दिलेली दानेही तिथेच कोरली आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. बौद्ध संघाला लेणे दान करणारी ही राणी आपल्या मुलाचे, गौतमीपुत्राचे, कौतुक करताना त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असे सांगते. बुद्धलेण्यात वर्णसंकर थांबवल्याची फुशारकी! आम्ही ती ओळ लपवत नाही, कोणी लपवू नये. संघाला दान देणारे राज्यकर्तेही वर्णव्यवस्थेचा अभिमान बाळगून होते, हे त्या ओळीवरून कळते. ती खोडली असती तर बहुजनांच्या इतिहासातला एक मोठा धडाच नाहीसा झाला असता.

हीच मोजपट्टी आता काळाराम मंदिराला लावू.

मंदिर बांधले सरदार रंगराव ओढेकरांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेशवाईत. हे सांगितले जाते आणि सांगितलेही पाहिजे. पण याच मंदिराच्या इतिहासात २ मार्च १९३० ही तारीख आहे. त्या दिवशी सकाळी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि दुपारी मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसे, मैलभर लांब रांग, पुढे बँड, आणि त्यात सुमारे पाचशे स्त्रिया. मिरवणूक मंदिरापाशी पोहोचली तेव्हा दरवाजे बंद होते. लोक शिस्तीत गोदाघाटावर गेले, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. समोर सशस्त्र पोलीस. जिल्हा पोलीस अधीक्षकाने आपले कार्यालयच मंदिरासमोरच्या तंबूत हलवले. दार आतून सनातन्यांनी बंद केले होते आणि बाहेरून इंग्रज सरकारचा पहारा होता. हे दोघे एका बाजूला, आणि राम आमचाही असेल तर आम्हाला का अडवता असे विचारणारी माणसे दुसऱ्या बाजूला.

९ एप्रिलला रथ ओढण्याचा दिवस होता. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असे ठरले होते. पण सनातन्यांनी ऐनवेळी रथ पळवला. दगडफेक झाली. काद्रेकर नावाचा भंडारी समाजातला तरुण पोलिसांचे कडे फोडून रथापर्यंत धावला आणि रक्तबंबाळ होऊन पडला. दगड बाबासाहेबांनाही लागले. हे एका दिवसात मिटले नाही. त्यानंतर अस्पृश्यांच्या मुलांना शाळा बंद झाल्या, रस्ते बंद झाले, दुकानात जिन्नस मिळेना. देवळाच्या दाराशी उभे राहिल्याची शिक्षा गावकुसाबाहेरच्या चुलीपर्यंत पोहोचली.

आता एक तुलना करू. काळाराम सत्याग्रह सुरू झाला २ मार्चला. त्यानंतर दहा दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. त्यांनी ६ एप्रिलला मीठ उचलले, आणि तीन दिवसांनी नाशिकला रथाचे प्रकरण घडले. दोन्ही सत्याग्रह एकाच उन्हाळ्यातले. दांडीच्या समुद्रकिनारी राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक ३० जानेवारी २०१९ रोजी खुले झाले. तिथे गांधीजींसोबत चाललेल्या ८० जणांचे पुतळे आहेत, एकेकाचा वेगळा. चांगलेच केले. चळवळ एका माणसाची नसते, हे त्या स्मारकातून दिसते. पण मग हा न्याय फक्त मिठाला का? परक्याने बसवलेला मिठावरचा कर हा राष्ट्रीय प्रश्न, आणि आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना लावलेले कुलूप हा एका जातीचा स्थानिक प्रश्न, ही वाटणी कोणी केली? पहिल्या तुकडीतल्या त्या १२५ पुरुषांची आणि २५ स्त्रियांची नावे काळारामाच्या परिसरात दगडावर का नसावीत?

यावर एक उत्तर हमखास मिळते. ‘आता मंदिर सगळ्यांना खुले आहे, जुने कशाला उकरता?’ मंदिर खुले झाले ते कोणाच्या हृदयपरिवर्तनाने नाही. पाच वर्षे लोकांनी मार खाल्ला, तरी दार उघडले नाही. पुढे १९४७ चा मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेश कायदा आला, मग संविधानाचे कलम १७ आले. दार कायद्याने उघडले, आणि कायद्यामागे चळवळ होती. हे सांगितले नाही तर पुढची पिढी समजेल की दार कधी बंदच नव्हते. आणि ज्याला कुलूप माहीत नाही, त्याला संविधानाची किंमत कशी कळणार? जुने उकरू नका म्हणणारे रामाच्या वनवासाची जागा बोटाने दाखवतात. मग १९३० एवढे जुने कसे झाले?

दुसरी चलाखी याहून बारीक आहे. काळाराम सत्याग्रहाला ‘मंदिरप्रवेशाची चळवळ’ म्हणायचे आणि तिथेच थांबायचे. म्हणजे बाबासाहेबांना देवदर्शन हवे होते, ते आज मिळाले, विषय संपला. बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात याचा खुलासा केलेला आहे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून त्यांनी हा लढा उभारलाच नव्हता. या समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्याच्यात बळ यावे, हा हेतू होता. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्याच परिषदेने मंदिरप्रवेशाचा लढा थांबवण्याचा ठराव केला. एकवीस वर्षे आणि एक दिवसाने, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. येवल्याची मुक्तिभूमी आज उभी आहे. पण काळाराम आणि येवला हे एकाच वाक्याचे दोन भाग आहेत. काळारामाच्या पाटीवर येवला नसेल, तर वाक्य अर्धेच राहिले.

दादासाहेबांचेही तसेच. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ मध्ये जन्मलेला हा माणूस सत्याग्रह समितीचा चिटणीस होता. पण त्यांची ओळख ‘बाबासाहेबांचे निष्ठावंत सहकारी’ एवढ्यावर संपवतात. १९५९ चा आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनी उभा केला. लाखो माणसे जमिनीच्या प्रश्नासाठी तुरुंगात गेली. आज त्यांच्या नावाने भूमिहीनांसाठी सरकारी योजना आहे : चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. आमच्या मते दादासाहेबांचे खरे स्मारक सभागृहात नाही, सातबाऱ्यावर आहे. जितक्या भूमिहीन कुटुंबांच्या नावावर जमीन चढेल, तितके ते स्मारक वाढेल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, सिंहस्थासाठी जे फलक लागतील त्यांत लेण्यांचे नाव त्रिरश्मी बुद्धलेणी असे लिहा. ते नाव आम्ही दिलेले नाही, शिलालेखाने दिले आहे. दुसरी, प्रमुख शिलालेखांचा मराठी अनुवाद लेण्यांपाशी लावा, मुगूदासाच्या ओळीसह आणि बलश्रीच्या त्या ओळीसहसुद्धा. तिसरी, काळारामाच्या परिसरात सत्याग्रहाची पूर्ण हकीकत लिहा : तारीख, संख्या, बंद दार, ते बंद ठेवणारे, पहारा देणारे सरकार, बहिष्कार, आणि शेवटी येवला. चौथी, सत्याग्रहींची नावे शोधून कोरा, स्त्रियांची आधी. हे काम सरकारवर सोडून भागणार नाही. चळवळीतल्या तरुणांनी गावोगाव जाऊन घराघरांतली नावे, फोटो, पत्रे जमवली पाहिजेत, कारण ती सांगणारी पिढी उरलेली नाही आणि कागदही फार दिवस टिकत नाहीत.

त्रिरश्मीच्या पायथ्याशी बुद्धस्मारक आहे. तिथे २०२३ मध्ये श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाबोधी वृक्षाची फांदी लावली गेली. झाड वाढेल, सावली देईल. पण सावलीत बसणाऱ्याला वरच्या डोंगरावर काय लिहिले आहे हे वाचता आले पाहिजे, आणि शहरातल्या त्या दाराशी काय घडले हे माहीत असले पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर एका मासेमाराचे नाव कोरले गेले. १९३० मध्ये त्याच नाशिकमध्ये माणसांना देवळाच्या पायरीवरून हाकलले गेले. या दोन्ही गोष्टी नाशिकच्याच आहेत. दोन्ही लिहा, पूर्ण लिहा.

जय भीम!